ऑफिसला काय घालायचं हे ठरवतं कोण?

आमच्या टीममध्ये नवीन कोणी येणार असलं की जॉइनिंगच्या आदल्या संध्याकाळी एक मेसेज हमखास येतो. किती वाजता यायचं, कोणाला भेटायचं, लॅपटॉप कुठून घ्यायचा हे सगळं मेलमध्ये असतं, ते कोणी विचारत नाही, विचारतात ते एवढंच की मॅडम, उद्या काय घालून येऊ? बरं, आमच्याकडे ड्रेस कोड असा नाहीच. पॉलिसीत कपड्यांबद्दल एकच ओळ आहे, प्रसंगाला साजेसा पोशाख करावा, बास. म्हणजे खरं तर 'काहीही चालतं गं' असं लिहून मोकळं होता यायला पाहिजे. पण मला तसं लिहवत नाही, कारण काहीही चालत नाही हे मला माहितीये, आणि तिलाही कुठेतरी माहितीये, म्हणून तर ती विचारतेय.

मी बरीच वर्षं ऑफिसात आहे, इंटरव्ह्यू घेते, माणसं निवडते, आणि ह्या काळात कपड्यांचे नियम माझ्या डोळ्यांसमोर ढिले होत गेले. आधी टाय गेला, मग कोट गेला, मग शुक्रवारी जीन्स आली, मग शुक्रवारचं वेगळेपण उरलंच नाही आणि आता मीटिंगमध्ये निम्मे लोक टीशर्टात असतात. ह्याचा मला आनंद आहे, अगदी मनापासून. फक्त नियम ढिले झाले तशी बघणाऱ्यांची नजर ढिली झाली का, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

जुना काळ कसा होता ते आठवायचं तर आयबीएम ह्या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीचं उदाहरण सगळे देतात. गडद सूट, पांढरा शर्ट, टाय, वर्षानुवर्षं हाच त्यांच्या माणसाचा चेहरा होता. १९९५ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख लू गर्स्टनर ह्यांनी तो नियम काढून टाकला, आणि त्यांनी दिलेलं कारण मला फार पटतं. ते म्हणाले की कंपनी उभी करणाऱ्या थोरल्या वॉटसन ह्यांनी सूट घालायला लावला तेव्हा त्यामागे विचार असा होता की ग्राहकासमोर जाताना त्याचा मान राखला जावा, त्याच्यासारखे कपडे घालून जावं. पुढे ग्राहकांचे कपडे बदलले आणि ह्यांचे मात्र तेच राहिले. म्हणजे नियमामागचं कारण कधीच निघून गेलं होतं, नियम तेवढा मागे राहिला होता. हे असं किती ठिकाणी झालंय! कोणीतरी कधीतरी चांगल्या कारणासाठी एक पद्धत पाडतो, तो माणूस रिटायर होतो, त्याच्यानंतरचाही होतो, आणि पद्धत तशीच चालू राहते.

आणि नियम ढिले झाले ते कोणाला कर्मचाऱ्यांची दया आली म्हणून झाले असंही नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर १९६२ मध्ये तिथल्या कपडे उत्पादकांनी आमदारांना प्रत्येकी दोन रंगीत अलोहा शर्ट भेट दिले, उन्हाळ्यात तरी हे घालू द्या म्हणून, आणि १९६६ पर्यंत तिथे शुक्रवारी ऑफिसला अलोहा शर्ट घालायची पद्धत सुरू झाली. पुढे १९९२ मध्ये जीन्सवाल्या लिव्हाय स्ट्रॉस कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे २५,००० एचआर मॅनेजरांना एक पुस्तिका पाठवली, ऑफिसात कॅज्युअल कपडे म्हणजे नेमके कसे ते दाखवणारी. त्यांचा खाकी पँटचा ब्रँड १९८६ पासून बाजारात होताच. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण लक्षात घ्यायला पाहिजे की सूट गेला त्या दिवशीसुद्धा माणूस आरशासमोर मोकळा उभा राहिला नाही, त्याच्या हातात लगेच दुसरा कोड दिला गेला, फक्त ह्या वेळी तो कोड पॉलिसीत नव्हता, चित्रांच्या पुस्तिकेत होता.

लेखी नियम जाचक असतो हे खरं, पण त्यात एक प्रामाणिकपणा असतो. काय घालायचं ते तो सांगतो, सगळ्यांना सारखं सांगतो, आणि अन्याय करत असेल तर निदान त्याच्यावर बोट ठेवून भांडता येतं. अलिखित नियमाशी भांडायचं कसं? तो कोणी केला, कधी केला, काही पत्ताच नसतो. ज्यांच्या घरात आधीपासून कोणी ना कोणी ऑफिसात जाणारं होतं त्यांना 'स्मार्ट कॅज्युअल' म्हणजे काय हे न सांगता कळतं, कुठला टीशर्ट चालतो आणि कुठला घरचा वाटतो, बूट केवढे मळके चालतात, दाढी किती दिवसांची स्टाइल आणि किती दिवसांची अजागळ. ज्याच्या घरातला तो पहिलाच ऑफिसवाला आहे त्याला हे कोणी सांगत नाही. दोन फॉर्मल शर्ट आणि एक काळी पँट घेऊन तो पूर्वी निर्धास्त असायचा, आता रोज सकाळी त्याला अंदाज बांधायला लागतो. आमच्याच ऑफिसात एक मुलगा सहा महिने रोज इस्त्रीचा फुल शर्ट इन करून यायचा आणि मागच्या बाकावरचे त्याला 'इंटरव्ह्यू आहे का आज' म्हणून छेडायचे. त्याच्याइतका नीट आवरून येणारा दुसरा कोणी नव्हता त्या मजल्यावर, आणि कमी लेखला जायचा तोच. मला त्या वेळी फार राग आला होता, अजूनही येतो.

जनरल मोटर्समध्ये मेरी बॅरा एचआर सांभाळत होत्या तेव्हा त्यांनी दहा पानी ड्रेस कोड काढून दोन शब्दांचा केला, साजेसे कपडे घाला एवढाच. ही गोष्ट सगळीकडे कौतुकाने सांगितली जाते आणि कौतुकाची आहेच, पण मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तक्रार केली की माझ्या टीमला कधी कधी ऐनवेळी सरकारी लोकांसमोर जावं लागतं, जीन्समध्ये कसं जाणार. बॅरा म्हणाल्या, टीमशीच बोला. ते बोलले आणि टीमनेच तोडगा काढला की लॉकरमध्ये एक बरी पँट ठेवून द्यायची. म्हणजे दोन शब्द पुरले ते मोठ्याने बोलणं झालं म्हणून पुरले. बाकीच्या कंपन्यांनी दोन शब्द उचलले, बोलणं मात्र उचललं नाही, आणि मग त्या मोकळ्या जागेत प्रत्येक मॅनेजरची आवडनिवड येऊन बसते.

ढिलाई मिळतेही कोणाला आधी? ज्याला गरज सगळ्यात कमी त्याला. २०१२ मध्ये फेसबुकचा आयपीओ येणार होता तेव्हा झकरबर्ग न्यूयॉर्कला गुंतवणूकदारांसमोर हुडी घालून गेले. एका विश्लेषकाने हे अपरिपक्वपणाचं लक्षण आहे म्हटलं, दोन दिवस चर्चा झाली आणि विषय संपला. त्यांचं काही बिघडलं नाही, बिघडणारही नव्हतं. तीच हुडी घालून रिसेप्शनवरची मुलगी आली असती तर?

रिसेप्शनवरच्या मुलीचं उदाहरण मी मनातून काढलेलं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प नावाची बाई एका मोठ्या फर्ममध्ये एजन्सीमार्फत रिसेप्शनिस्ट म्हणून पहिल्या दिवशी गेली, पायात सपाट बूट होते, तिला सांगितलं गेलं की दोन ते चार इंचांच्या टाचा पाहिजेत, आणि नाही म्हटल्यावर पगार न देता घरी पाठवलं. तिने याचिका सुरू केली, दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या, जानेवारी २०१७ मध्ये संसदेच्या समित्यांनी अहवाल दिला, मार्चमध्ये संसदेत चर्चा झाली. सरकारने शेवटी नवीन कायदा काही केला नाही, आहे तो पुरेसा आहे म्हणाले. पण त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने टाचांची सक्ती बंद केली, फिलिपिन्सनेही केली, आणि २०१९ मध्ये जपानमध्ये युमी इशिकावा ह्यांनी ह्याच मुद्द्यावर मोहीम उभी केली. दिवसभर उंच टाचांवर उभं राहिल्यावर पोटऱ्या, कंबर आणि पायांची बोटं काय म्हणतात ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना समजावून सांगायला नको. फोन उचलायला आणि पाहुण्यांना आत सोडायला टाच लागतेच कशाला, ह्याचं उत्तर आजपर्यंत कोणी दिलेलं नाही.

मेकअपचंही तेच. अमेरिकेत रीनो शहरातल्या एका कसिनोत डार्लीन जेस्पर्सन वीसेक वर्षं बारटेंडर होती, काम उत्तम, ग्राहक खूश. २००० मध्ये नवीन नियम आला, बायकांनी फाउंडेशन किंवा पावडर, ब्लश, मस्कारा, लिपस्टिक लावलंच पाहिजे, पुरुषांनी केस आखूड ठेवायचे आणि मेकअप करायचा नाही. तिने नकार दिला, नोकरी गेली, ती कोर्टात गेली आणि २००६ मध्ये हरली. निकालात एक मुद्दा असा होता की मेकअपमुळे बायकांचा वेळ आणि पैसा जास्त जातो ह्याचा पुरावा तिने रेकॉर्डवर आणलेला नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वाचता वाचता थांबले. कुठल्याही ऑफिसातल्या कुठल्याही बाईला सकाळी विचारलं असतं तर पुरावा मिळाला असता. सात वाजता उठणाऱ्या पुरुषाबरोबर काम करायला ती साडेसहाला उठलेली असते, आणि तो अर्धा तास तिच्या पगारात कुठेच दिसत नाही.

त्याआधी १९८९ मध्ये अमेरिकेच्याच सुप्रीम कोर्टाने ॲन हॉपकिन्सच्या बाजूने महत्त्वाचा निकाल दिला होता. १९८२ मध्ये प्राइस वॉटरहाउस ह्या अकाउंटिंग फर्ममध्ये पार्टनरशिपसाठी ८८ जणांची नावं होती, त्यात ही एकटी बाई, आणि कोट्यवधी डॉलरचं काम फर्मला मिळवून दिलेलं. तरी तिला पार्टनर केलं नाही आणि सल्ला दिला गेला की जरा बायकांसारखी चाल, बायकांसारखं बोल, बायकांसारखे कपडे घाल, मेकअप कर, केस सेट कर, दागिने घाल. कोर्टाने म्हटलं की बाई कशी असावी ह्या ठराविक कल्पनेवरून नोकरीचा निर्णय घेणं हाही भेदभावच. ते वाक्य आज कितीही जुनं वाटलं तरी सल्ला जुना झालेला नाही. मला स्वतःला पहिल्या नोकरीत वर्षअखेरीच्या मीटिंगमध्ये कामाबद्दल चार मिनिटं आणि 'जरा फ्रेश दिसत जा, क्लायंटसमोर जायचं असतं' ह्याबद्दल दहा मिनिटं ऐकावं लागलं होतं. माझ्याबरोबरच्या पुरुषांपैकी एकालाही असं काही सांगितलं गेलं नव्हतं.

हळूहळू बदल झालाय हेही सांगायला पाहिजे. मार्च २०१९ मध्ये व्हर्जिन अटलांटिकने केबिन क्रूमधल्या बायकांवरची मेकअपची सक्ती काढली, २०२० मध्ये जपान एअरलाइन्सने टाचांची सक्ती काढून पँटचा पर्याय दिला, २०२२ मध्ये ब्रिटिश एअरवेजने पुरुषांनाही मेकअप आणि कानातल्याची मुभा दिली. ह्यातलं काहीही विमान उडायच्या आड आलं नाही.

केसांबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण कपडे संध्याकाळी काढून ठेवता येतात, केस डोक्यावरच असतात. १९८१ मध्ये रेने रॉजर्स ह्या कृष्णवर्णीय बाईने अमेरिकन एअरलाइन्सविरुद्ध केस केली, केस बारीक वेण्यांमध्ये घालायला बंदी होती म्हणून. कंपनीचं म्हणणं, ड्युटीवर असताना वरून हेअरपीस, म्हणजे खोटे केस, लाव. ती म्हणाली की त्याने डोकं भयंकर दुखतं. कोर्टाचं उत्तर साधारण असं होतं की मग जरा मोठा हेअरपीस घे. ती हरली. अशा केसांबद्दल ठळक कायदा व्हायला २०१९ चा जुलै उजाडला, कॅलिफोर्नियाने तेव्हा क्राउन ॲक्ट केला, नैसर्गिक केसांवरून आणि वेण्यांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करता येणार नाही म्हणून, आणि नंतर वीसहून जास्त राज्यांनी तसा केला. मधली जवळजवळ चाळीस वर्षं किती बायकांनी केसांवर केमिकल लावून, गरम इस्त्री फिरवून, टाळू भाजून घेऊन ऑफिस गाठलं असेल. कोणाचे केस मुळात 'व्यवस्थित' धरायचे आणि कोणाचे आवरायला सांगायचे हे ज्यांनी ठरवलं त्यांचे स्वतःचे केस सरळ होते, एवढंच त्याचं कारण. कुरळे केस असलेली कुठलीही मुलगी इंटरव्ह्यूला येताना ते चापून बांधून येते तेव्हा मला हे सगळं आठवतं.

आता कोणी म्हणेल की मग नियमच नकोत का. नकोत असं मी अजिबात म्हणत नाही. काही नियमांमागे खरंच काम असतं. इंग्लंडमध्ये २००७ साली सरकारी हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांना कोपराखाली हात मोकळे ठेवायला सांगितलं, लांब बाह्या नकोत, घड्याळ नको, कारण हात मनगटापर्यंत नीट धुता आले पाहिजेत. शतकभर मानाचा असलेला लांब पांढरा कोट तिथल्या वॉर्डांतून त्यामुळे जवळजवळ गेला. मशीनवर काम करणाऱ्याने सैल ओढणी किंवा लोंबती बाही घालू नये, केस बांधावेत, ह्यावर वाद होऊच शकत नाही. घट्ट बसणारा रेस्पिरेटर, म्हणजे धूर-धूळ गाळणारा मास्क, घालायचा तर कडेला दाढी चालत नाही, हवा आत शिरते. पण तोच दाढीचा नियम दाखवून जिथे धूर नाही, धूळ नाही, अशा काउंटरवरच्या माणसालासुद्धा रोज दाढी करायला लावली जायची. डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं, तिथल्या कर्मचाऱ्यांना मिशी ठेवता आली २००० मध्ये आणि दाढी २०१२ मध्ये. यूपीएस ह्या अमेरिकन कुरियर कंपनीच्या डिलिव्हरीवाल्यांना दाढीची परवानगी मिळाली २०२० मध्ये.

ब्रिटिश सैन्याचं उदाहरण तर मला फार बोलकं वाटतं. १९१६ पर्यंत तिथे वरचा ओठ भादरायला मनाई होती, म्हणजे मिशी पाहिजेच, हनुवटी मात्र गुळगुळीत. ऑक्टोबर १९१६ मध्ये मिशीची सक्ती गेली. दाढीला मुभा मिळाली थेट मार्च २०२४ मध्ये, नीट कातरलेली पाहिजे आणि जिथे मास्क घालायचा तिथे काढायची ह्या अटीवर. एकाच सैन्यात पणजोबांना मिशी काढली म्हणून शिक्षा आणि पणतूला दाढी ठेवायची मोकळीक, आणि दोघांच्याही वेळी सांगितलं हेच जाणार की शिस्त महत्त्वाची. शिस्त पाहिजेच, मी शिस्तीच्या बाजूची आहे, पण शिस्त केसात असती तर ती शंभर वर्षांत अशी उलटीसुलटी झाली नसती.

कपड्यांचा हिशोब विजेच्या बिलातही असतो हे जपानने दाखवलं. २००५ मध्ये पर्यावरण मंत्री युरिको कोइके ह्यांनी मोहीम काढली की उन्हाळ्यात ऑफिसातला एसी २८ अंशांवर ठेवायचा आणि लोकांनी कोट-टाय काढून यायचं. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टाय न लावता दिसले, कारण साहेबाने काढल्याशिवाय खालचा कोण काढणार. २०११ च्या भूकंपानंतर वीज कमी पडली तेव्हा पोलो शर्टसुद्धा चालायला लागले. ह्याच्या उलट बाजूला, २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवलं की ऑफिसातल्या तापमानाचे निकष १९६० च्या दशकातल्या गणितावर उभे आहेत आणि त्यात धरलेलं शरीर ४० वर्षांच्या, ७० किलोच्या पुरुषाचं आहे. मी कित्येक वर्षं खुर्चीला शाल लावून बसलेल्या बायका बघतेय, आणि पलीकडे तीन थर घालून बसलेल्या माणसाला उकडतंय म्हणून एसी अजून खाली जातोय.

मग २०२० आलं. कॅमेऱ्यात कमरेच्या वरचाच माणूस दिसायला लागला, वॉलमार्टने तेव्हा सांगितलंही होतं की वरचे कपडे जास्त विकले जातायत, खालचे नाहीत. १८१८ पासून चालत आलेल्या ब्रूक्स ब्रदर्स ह्या अमेरिकेतल्या सूटवाल्या कंपनीने त्या जुलैत दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्रिटनच्या सांख्यिकी खात्याने २०२२ मध्ये महागाई मोजायच्या यादीतून पुरुषांचा सूट काढला, तो त्या यादीत १९४७ पासून कुठल्या ना कुठल्या रूपात होता. त्याच्या जागी नुसतं जॅकेट आलं.

एक गोष्ट मात्र मला ठामपणे सांगायची आहे, नीट कपडे घालणाऱ्यांना मागासलेलं समजायची जी नवी पद्धत पडलीये ती मला अजिबात मान्य नाही. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, बूट पुसून येण्यात काही माणसांचा सगळा स्वाभिमान असतो, आपण कामाला निघालोय ही भावना असते, आणि ती मोलाची आहे. माझ्याही कपाटात असे कपडे आहेत जे घातले की पाठ आपोआप सरळ होते. ते घालायची मोकळीक आणि न घालायची मोकळीक ह्या दोन्ही एकाच वेळी पाहिजेत, आणि ज्या दिवशी कसलेही कपडे घालून आलेल्या माणसाचं म्हणणं मीटिंगमध्ये सारख्याच लक्षाने ऐकलं जाईल त्या दिवशी मी मानेन की बदल झालाय.

आणि बदल कुठपर्यंत पोचला हे बघायचं तर आमच्या मजल्यावर बघून उपयोग नाही, खाली गेटवर बघायला पाहिजे. आम्ही सगळे टीशर्टात आलो त्या वर्षीही सिक्युरिटीवाले टाय, टोपी, जाड पॉलिस्टरचा फुल शर्ट आणि कडक बुटात बारा बारा तास उभे होते. हाउसकीपिंगच्या बायकांना केस जाळीत आणि अंगात एकाच मापाचा डगळ कोट. त्यांचा ड्रेस कोड आमच्या पॉलिसीत नसतोच, तो कंत्राटदाराच्या करारात असतो, त्यामुळे आमचा बदलला तरी त्यांचा बदलत नाही. ओळखू येण्यासाठी युनिफॉर्म लागतो हे मला कळतं, पण ओळखू यायला बिल्ला आणि शर्टाचा रंग पुरतो, उन्हात गळ्याशी आवळलेला टाय लागत नाही. मी हे ॲडमिनच्या मीटिंगमध्ये काढलं तेव्हा पहिला प्रश्न आला की त्यांनी तक्रार केलीये का. त्यांनी केली नव्हती, आणि ती ते कोणाकडे करणार होते हेही मी विचारलं. मग त्यांच्याशीच बोलायचं ठरलं. दोन शिफ्टच्या लोकांना खाली बसवून विचारलं तर टायबद्दल फारसं कोणी बोललं नाही, सगळ्यांनी बुटांबद्दल सांगितलं, माप नीट मिळत नाही, तळवा कडक आहे, रात्रीच्या पाळीत पाय सुजतात, आणि बायकांनी सांगितलं की कोटाला खिसा द्या, मोबाइल ठेवायला जागा नाही. नवीन करारात टाय गेला, सुती शर्ट आला, खिसेही आले. बूट अजून तेच आहेत, कंत्राटदार म्हणतो खर्च वाढेल, आणि ह्या महिन्यात त्यावर पुन्हा बैठक आहे.